कन्सील्ड वायरिंग

भिंत अडीच फूट जाड.
बाहेर चिरा, पोटात माती, वर शिंपल्यांचा चुना.
ग्राइंडर लावला की लाल धूळ उठते.
संध्याकाळी डिचोलीच्या बसमध्ये कंडक्टर विचारतो,
सगुणबाब, मिरच्या दळून आलात?

हळदोण्याचं हे घर. इव्हेट आर्किटेक्ट
पहिल्याच दिवशी बजावून गेली :
वायर दिसता कामा नये.
बटणं दिसता कामा नयेत.
एसी दिसू नये, त्याचा पाइप तर मुळीच नाही.
घर दिसायला जुनं, चालायला नवं.
म्हटलं, म्हणजे माझ्या गुडघ्याच्या उलट.
तो आतून नवा आहे, चालतो जुना.
ती हसली. हसून पुन्हा म्हणाली, दिसता कामा नये.

आणि लाद्या?
बैठकीच्या खोलीत निळ्या-तांबड्या नक्षीच्या लाद्या,
त्यातल्या अकरा फुटलेल्या.
फट्टू गवंडी म्हणाला, मडगावला एकजण हुबेहूब करून देतो,
ओळखू यायच्या नाहीत.
इव्हेट म्हणाली, ओळखू आल्या पाहिजेत.
अकरा जागी साधं राखाडी सिमेंट, घोटून गुळगुळीत.
आता ती जमीन अशी वाटते
की बोलता बोलता माणूस एखादं नाव विसरावा,
थांबावा,
आणि खोटं नाव घेऊ नये.

मला पटलं ते. म्हणूनच विचारलं,
लादीची जखम उघडी, मग माझीच वायर पदराआड का?
तेवढ्यात तिला फोन आला.

शिसवी खुर्च्या आल्या, नवा वेत विणून.
त्यांच्यासमोर पाय नसलेला करडा सोफा.
दोघे आठवडाभर बसून होते
पहिल्यांदा भेटलेल्या व्याह्यांसारखे,
अंगावर प्लॅस्टिक घेऊन.

मग कोपऱ्यातलं कपाट सरकवलं.
मागे सागवानी पट्टी, तिच्यावर काळ्या कापडाची जोडवायर,
पितळी क्लिपा, मोजून चार-चार बोटांवर.
भिंतीवर कुणी कधीकाळी गुलाबांची वेल रंगवलेली
आणि पट्टी त्या गुलाबांच्या छातीवरून सरळ गेलेली.
खिळे पाकळ्यांत.
कोण होता हा, ठाऊक नाही.
पण लाइन ओळंब्यात होती.
वीज तेव्हा घरात नवी,
पाहुण्यांना हात धरून दाखवायची.
लपव, असं त्याला कुणी सांगितलं नसणार.

पट्टीच्या टोकाला, दाराशी,
पांढरा चिनीमातीचा स्विच, पितळी बोंडाचा.
ड्रॉइंगमध्ये त्याच्यावर फुली.
शेजारी काचेचं टच पॅनल, काळं, भिंतीच्या पातळीत.
पॅनल मी बसवलं. बिल त्याचंच लावलं.
मात्र पट्टीखालून नवी वायर ओढली
आणि स्विच उघडून साफ केला रॉकेलने.
पाच अँपिअरचा. एलईडीला पुष्कळ.
बोललो नाही कुणाला.

मालकीण लुर्डिना टोरांटोहून आली ती दिवेलागणीला.
तीस वर्षांनी, इव्हेट कानात म्हणाली.
खोलीत अंधार. काळं पॅनल काळोखात विरघळलेलं.
माझं काम मी चोख केलं होतं :
काहीएक दिसत नव्हतं.
इव्हेट भिंत चाचपू लागली.
लुर्डिना मात्र बॅग खाली न ठेवता
डावा हात मागे नेऊन,
न बघता,
खट्.

अकरा करड्या चौकोनांवर उजेड पडला.
खिडक्यांच्या शिंपल्यांतून तो बाहेर गेला असणार,
कारण रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली,
कोण आलंय गो?

तिने आधी स्विचकडे पाहिलं, मग हाताकडे.
इव्हेटने माझ्याकडे.
मी स्क्रूड्रायव्हर काढला
आणि घट्टच असलेला एक स्क्रू
आणखी थोडा आवळत राहिलो.